कोविड होऊन गेलेल्याला फ्लू जास्त पकडतो की कमी?

पंचवटीकर:
माझं मत आधीच सांगतो. कोविड होऊन गेला की फ्लू लवकर पकडतो. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरातले पाचही जण आडवे झाले होते. तोवर मला दोन-तीन वर्षांतून एखादा ताप यायचा. आता पावसाळ्यात एकदा आणि थंडी ओसरताना एकदा अंथरूण धरावंच लागतं. मागच्या वेळी स्वॅबमध्ये एच३एन२ हा फ्लूचा प्रकार निघाला. भावाचं आणि वहिनीचंही तेच. कोविडने आमची प्रतिकारशक्ती खिळखिळी केली, असं मला पक्कं वाटतं. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्या, नुसतं 'तुमचा भ्रम आहे' म्हणू नका.

निफाडचा_बागायतदार:
आमच्याकडे अगदी उलट आहे दादा. द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे ऐन फ्लूच्या दिवसांत. पॅकिंग शेडमध्ये माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. ज्यांना कोविड जोरात झाला होता ते ठणठणीत असतात, नवी पोरंच खोकत बसतात. एकदा तावून सुलाखून निघालेलं शरीर दुसऱ्या विषाणूलाही तोंड देतं.

प्रयोगशाळेतली:
मी सूक्ष्मजीवशास्त्राची आहे, रोज स्वॅब हाताळते. तुम्हा दोघांशीही मी असहमत आहे.

आधी बागायतदार. कोरोना आणि इन्फ्लुएन्झा, म्हणजे फ्लू, ही विषाणूंची दोन वेगळी घराणी आहेत. कोविडनंतर तयार झालेली प्रतिपिंडं कोरोनाचे काटे ओळखतात. फ्लूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज ही निराळीच प्रथिनं असतात, त्यांना ती चिकटत नाहीत. फ्लूचा स्वतःचा विषाणूसुद्धा इतका बदलतो की लसीतले प्रकार दरवर्षी तपासावे लागतात. मग कोविडची ओळख तिथे कशी चालेल?

आता पंचवटीकर. २०२० आणि २०२१ मध्ये मास्क, बंद शाळा, थांबलेला प्रवास यांमुळे जगभर फ्लू जवळजवळ नाहीसा झाला होता. बी-यामागाता नावाची फ्लूची एक शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलीच नाही. दोन हंगाम गाठ पडली नाही, तेवढी आपली तयारी विरली. मग २०२३ च्या सुरुवातीला देशभर एच३एन२ची लाट आली. ती कोविड झालेल्यांनाही लागली, न झालेल्यांनाही.

पंचवटीकर:
हे लहान मुलांबाबत पटतं. पण मी ४७ वर्षांचा आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची फ्लूची ओळख दोन वर्षांत पुसली जाते? आणि कोविडमध्ये रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, हे तर तुम्हीही नाकारणार नाही.

प्रयोगशाळेतली:
नाही नाकारत. तीव्र आजारात त्या घटतात, पण बहुतेकांच्या पुढे भरूनही येतात. ज्यांची फुप्फुसं खराब झाली, साखर वाढली किंवा स्टिरॉइड फार दिवस चालले, त्यांना फ्लू जड जातो, हे मी मान्यच करते. पण जड जाणं वेगळं आणि लवकर लागणं वेगळं. आणखी एक विचारते: २०२० च्या आधी तापासाठी तुम्ही कधी स्वॅब दिला होता? तेव्हा 'व्हायरल आहे' म्हणून गोळी घेऊन आपण कामावर जायचो. आता तपासतो, म्हणून नाव सापडतं.

पंचवटीकर:
स्वॅब नव्हता दिला, खरं आहे. पण चार दिवस उठता येत नाही, हे कळायला स्वॅब लागत नाही. हा फरक मी अंगाने अनुभवतोय.

गंगाघाट:
बागायतदारांच्या बाजूने एक मुद्दा. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. कोविडमधून बऱ्या झालेल्या उंदरांना नंतर फ्लू दिला, तर त्यांचा आजार सौम्य राहिला. फुप्फुसातल्या भक्षक पेशी आधीच्या लढाईची आठवण ठेवतात, असं त्यात दिसलं.

निफाडचा_बागायतदार:
तेच तर म्हणतोय मी!

प्रयोगशाळेतली:
काम चांगलं आहे, मला आवडलं. पण आजार सौम्य झाला म्हणजे लागण टळली असं नाही. शिवाय पिंजऱ्यातला उंदीर आणि साखर-रक्तदाब असलेला साठीचा माणूस यांत फार अंतर आहे. या आधारावर कुणी लस टाळली तर मला खरंच वाईट वाटेल.

सिडकोतली_सून:
माझा प्रश्न नेमका तोच. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, २०२१ मध्ये ऑक्सिजनवर होत्या. डॉक्टर म्हणतात पावसाळ्याआधी फ्लूची लस द्या. नणंद म्हणते, कोविड झाला, त्याचे डोसही झाले, आता कशाला टोचता?

प्रयोगशाळेतली:
द्या, ताई. कोविडच्या डोसांचा फ्लूला काही उपयोग नाही. मेअखेरपर्यंत द्या, कारण तयारी व्हायला दोनेक आठवडे लागतात. तरी ताप आलाच तर डॉक्टरांकडे लगेच न्या. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं.

पंचवटीकर:
लसीबाबत मी तुमच्याच बाजूने आहे. सिंहस्थाच्या पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे पावसाळी फ्लूच्याच दिवसांत येतायत आणि रामकुंड आमच्या दारात आहे. घरातल्या सगळ्यांना टोचून घेणार. पण माझं मूळ म्हणणं मी मागे घेत नाही. या जूनपासून घरातला प्रत्येक ताप तारखेनिशी वहीत लिहितो आणि दरवेळी स्वॅबही देतो. बागायतदार, तुम्हीही शेडमधल्या माणसांचं लिहून ठेवाल का?

निफाडचा_बागायतदार:
ठेवतो. टोळी डिसेंबरअखेर येते, तेव्हापासून सुरू करतो. कुणाला कोविड झाला होता तेही आधीच विचारून घेतो.