सगळे मायक्रोआरएनए पुटिकांमध्ये नसतात
मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांचं काम नियंत्रित करणारे आरएनएचे छोटे तुकडे; रक्तातल्या त्यांच्या प्रमाणावरून आजार ओळखायचा प्रयत्न होतो. रक्तातले मायक्रोआरएनए पेशीबाह्य पुटिकांच्या, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या, आवरणामुळे टिकतात असं म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. प्लाझ्मातले बरेचसे मायक्रोआरएनए पुटिकांबाहेर, आर्गोनॉट-२ या प्रथिनाला चिकटून असतात. २०११ मध्येच ते दिसून आलं होतं. मला त्याहून मोठी अडचण वाटते ती नमुना घेण्याची. तांबड्या पेशींत एमआयआर-४५१ आणि एमआयआर-१६ हे मायक्रोआरएनए भरपूर असतात. रक्त काढताना थोड्या पेशी जरी फुटल्या तरी हे आकडे वाढतात, आणि नसलेला आजार दिसू लागतो. त्यामुळे नमुन्यातलं हेमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) तपासलंय का, हे मी आधी बघते. वृषणाच्या कर्करोगात एमआयआर-३७१ए-३पी हा मायक्रोआरएनए मात्र निदानासाठी खरोखरच आशादायक आहे; फक्त टेराटोमा हा गाठीचा प्रकार त्यातून निसटतो.