धूर ओसरला तर ऊन वाढेल?

करवीरकर : गळीत हंगामात सकाळी पन्हाळ्याच्या तटावरून कोल्हापूरकडे पाहिले की पंचगंगेचे खोरे राखाडी दुलई पांघरलेले दिसते. तिला नावे सगळेच ठेवतात. पण गंधकाच्या धुरातून हवेत तयार होणारे सल्फेटचे कण ऊन अवकाशात परतवून पृथ्वीला थोडी सावलीही देतात, हे कोणी बोलत नाही. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीने वर फेकलेल्या गंधकामुळे पुढच्या वर्षी जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. युरोप-अमेरिकेने १९८०च्या आसपासपासून आणि चीनने २०१३ नंतर गंधकाचा धूर घटवला, २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली आणि आजवर झाकलेली उष्णता उघडी पडू लागली. भारताने या सफाईची घाई करू नये, असे माझे मत आहे.

गुऱ्हाळकर : आपण सगळ्या धुराला एकाच मापाने मोजता आहात. आमच्या चुलवाणात ओले चिपाड गेले की धुराडे काळे ओकू लागते आणि दोरीवरच्या धोतरावर काजळी बसते. ही काजळी ऊन परतवत नाही, शोषते. हिमालयातील बर्फावर बसली तर तेही लवकर वितळवते. पाचट पेटवणाऱ्यांना सल्फेटचे पुण्य फुकट देऊ नका.

करवीरकर : काजळीबाबत आपले म्हणणे मान्य आहे, ती आजच थांबवावी. माझा मुद्दा कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांतील गंधकापुरता होता, हे मी आधीच लिहायला हवे होते.

निवृत्त शिक्षिका : तोही मला पटत नाही. हे कण पावसाने आठवड्या-दोन आठवड्यांत धुऊन जातात, तर त्याच कोळशाचा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. म्हणजे सावली टिकवायची तर धूर कायम सोडत राहायचा आणि खालचे ओझे वाढवत न्यायचे. शिवाय त्या सावलीत जमीन कमी तापते, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटतो आणि त्याच फरकावर आपला मोसमी पाऊस ओढला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य भारतातला पाऊस घटला, त्यामागे या कणांचा हात असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. फुप्फुसांचा हिशेब तर मी अजून मांडलेलाच नाही.

करवीरकर : पावसाचा मुद्दा वजनदार आहे, तरीही गंधक काढताना उष्णता अडवणाऱ्या मिथेन वायूची गळती त्याच जोडीने रोखावी, कारण तोही सुमारे बारा वर्षांतच विरतो आणि उघडी पडणारी उष्णता तिथे भरून काढता येते. ही अट मी सोडणार नाही.