ब्रेकफास्ट टॉकला वक्ता बाहेरचा पाहिजे का आपल्यातलाच?

उद्यमनगरकर
कोल्हापुरातल्या आपल्या एमबीए कॉलेजनं माजी विद्यार्थ्यांसाठी सकाळचे ब्रेकफास्ट टॉक परत सुरू केलेत, लई चांगलं काम आहे, त्यावर वाद नाही. पण विषय बघा. एआय आणि लीडरशिप, त्याच्या आधी चेंज मॅनेजमेंट. वक्ते पुण्या-मुंबईचे, हॉल भरलेला, शेवटी फोटो आणि नऊला सगळे गाड्या काढून मोकळे. माझं स्पष्ट मत आहे की वक्ता शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल एमआयडीसीत रोज उभा राहणारा पाहिजे आणि विषय एकच घ्यायचा पण मुळापासून.

पेमेंटचंच घ्या. २००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यातच आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज आणि ते पण दरमहा चक्रवाढ. मागतंय कोण ते व्याज? मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्याला. मग इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) कलम आलं, २०२३-२४ च्या हिशोबापासून, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरायचा. तेव्हा कुठं मार्चमध्ये फोन उचलायला लागले. पण मध्यम उद्योगाला हे लागू नाही, म्हणून काहींनी ऑर्डरीच तिकडं वळवल्या. आमच्या फाउंड्रीत पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅपचे पैसे आधी मोजायचे, फर्नेसचं लाईटबिल महिन्याला, पगार सात तारखेला आणि कास्टिंगचे म्हणजे ओतलेल्या मालाचे पैसे यायला तीन महिने. ह्यातून वाट काढलेला माणूस स्टेजवर बसवा, मी सकाळी सहाला येऊन खुर्च्या लावतो.

शाहूपुरीचा सीए
दादा, कळकळ शंभर टक्के पटली, उपाय पटला नाही. आपल्यातला माणूस बोलणार काय तिथं? एकाच गाडी कंपनीला माल देणारे दोघं एकाच टेबलावर पोहे खात असतात. त्यातला एक उठून रिजेक्शन म्हणजे परत आलेला माल किती, रेट किती, कोणत्या कस्टमरनं पैसे अडकवलेत हे सांगेल होय? वर वर बोलणार आणि बसणार. बाहेरच्या माणसाला गावात कुणाचं काही लागत नाही, त्यामुळं तो आकड्यानिशी मोकळं बोलतो. त्यात मुलं समोर आणि वडलांचे मित्र पहिल्या रांगेत, तिसऱ्या पिढीतलं पोरगं तोंड उघडेल का सांगा.

आणि एक, करारात ९० दिवस लिहून घेतले असले तरी कायद्यानं ४५ च्या पुढं जाता येत नाही. हे अजून कित्येकांना माहीत नाही. व्यापाऱ्यांनी पण उद्यम नोंदणी (एमएसएमईची सरकारी नोंदणी) करून ठेवलीय, पण त्यांना ४५ दिवसांचं हे संरक्षण नाही.

चप्पल लाईन
सीए साहेबांना अनुमोदन. जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा गावभर एकच प्रश्न होता, २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय मग हे करू कसं शकतात? आम्हाला समजावून सांगणारं इथं कुणी नव्हतं. जीआय मुख्यतः नावाला संरक्षण देतो, त्यांनी कोल्हापुरी हा शब्दच वापरला नव्हता, लेदर सँडल म्हणाले होते. आता डिझाईनचं काय करायचं, निर्यातीचा करार कसा लिहायचा, भाव कसा ठरवायचा, ह्यावर बोलणारा वकील आमच्या चपलेवाल्यांच्या सुभाषनगरात कुठून आणू? बाहेरूनच आणायला लागणार. म्हणून बाहेरचा नको म्हणणं आपल्या धंद्याचंच नुकसान आहे.

गोकुळ शिरगाव एचआर
तुम्ही सगळे वक्त्यावर भांडताय, मी वेळेवर बोलते. साडेसातचा टॉक. सातला शिफ्ट बदलते, रात्रपाळीचा सुपरवायझर रजिस्टर घेऊन उभा असतो, कुठली हीट (भट्टीतला एक घाणा) रिजेक्ट गेली, कुठलं मशीन बंद पडलं, कोण आला नाही, हे त्या अर्ध्या तासात ऐकलं नाही तर दिवसभर निस्तरत बसायचं. ज्याच्याकडं सांगण्यासारखं आहे तो नेमका तेव्हा शॉपवर असतो. आणि आमच्या बॅचच्या मुली? त्या वेळेला डबे आणि स्कूलबस. म्हणून हॉलमध्ये ज्यांचं सकाळी कुठं अडत नाही तीच तीच माणसं दिसतात. वक्ता कुणीही आणा पण साडेनऊ करा, नाहीतर संध्याकाळी चहावर ठेवा.

उद्यमनगरकर
ताई, वेळेचं एकदम बरोबर, कमिटीला मीच सांगतो.

सीए साहेब, स्पर्धकासमोर कुणी बोलत नाही हे मान्य करायला मी तयार नाही. ह्याच गावात ऑइल इंजिनच्या जमान्यात एकमेकांकडनं पॅटर्न (साचा करायचे नमुने) मागून आणून कामं पुरी केलीत लोकांनी. रेट सांगू नका की, पण पैसे वसूल करायला काय केलं हे सांगायला काय हरकत आहे? रेकॉर्डिंग बंद, फोटो बंद, दोन तास फक्त प्रश्नोत्तरं. चप्पलवाल्या भावाचा मुद्दा घेतो, वकील बाहेरचा आणा, पण त्यानं आदल्या दिवशी दोन घरात बसून चप्पल कशी शिवतात, एका जोडीला किती वेळ जातो आणि हातात काय उरतं हे बघून मग बोलावं.

शाहूपुरीचा सीए
पॅटर्न मागून आणायचे तेव्हा कस्टमर वेगवेगळे होते दादा. आज दोघांचा एकच आहे आणि तो दोघांची कोटेशन शेजारी शेजारी ठेवून बघतो. फोटो बंद करून ते बदलत नाही. माझं मत तेच, ४५ दिवसांवर पहिला वक्ता बाहेरचाच घ्या. आदल्या दिवशी फिरवायची कल्पना मात्र चांगली आहे, त्याला शिरोलीत दोन ठिकाणी मी माझ्या गाडीतनं नेतो.