मूठभर श्रीमंतच जग चालवणार, हे पहिल्यापासून असंच आहे का?

खारघरकर८८:
दावोसला जगभरचे बडे उद्योगपती आणि नेते जमतात, त्या बातम्या बघून डोकं भणभणतं. 2022 च्या जागतिक विषमता अहवालात वरच्या 10 टक्के लोकांकडे 76 टक्के संपत्ती आणि खालच्या निम्म्या जगाकडे जेमतेम 2 टक्के असं दिलंय. ऑफिसातला मित्र म्हणतो माणसाचा स्वभावच तो, कळप म्हटला की म्होरक्या आलाच. खरंय का हे?

नौपाडा_मंजिरी:
अजिबात पटत नाही. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातले शिकारी लोक मोठी शिकार आणणाऱ्याचं कौतुक नाही करायचे, उलट मुद्दाम नावं ठेवायचे, काय हे हडकुळं जनावर आणलंस म्हणून, म्हणजे गडी डोक्यावर बसायला नको, आणि मांस सगळ्यांत वाटलं जायचं. फरक पडतो तो धान्य साठायला लागल्यावर. लांब कशाला, शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या, 3000 वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं घर निघालं, तिथेच धान्याचं कोठार, आणि अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवून पुरलेला माणूस. कोठार ज्याच्या हातात तो मोठा, सरळ आहे. पण मोहेंजोदडो एवढं मोठं शहर, तिथे राजवाडा म्हणावा असं काही नक्की सापडलेलं नाही, म्हणजे वस्ती वाढली की राजा हवाच असंही नाही.

जासईकर:
मंजिरीताई, कोठाराचं एकदम बरोबर बोललात. आमच्याकडे कोठार म्हणजे जमीन. 1970 ला नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, 95 गावांची शेतं, मिठागरं संपादनात गेली. 1984 ला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणं सरकारला भाग पडलं. आपोआप कोणी काही सोडत नाही भावा.

खारघरकर८८:
पण दादा, तिथे समोर सरकार तरी होतं. जगभर पसरलेल्या कंपन्यांना कोण जाब विचारणार?

नौपाडा_मंजिरी:
ईस्ट इंडिया कंपनी 1600 ची, तिच्याकडे स्वतःची फौज होती, आणि इनामगावचा तो माणूस मेला तसा कंपनीला मरण नसतं, भागधारक बदलतात, ती चालूच. तरी 1857 चा उठाव झाला आणि 1858 ला पार्लमेंटने तिचा कारभार काढून घेतला, 1874 ला ती बंदच झाली. अर्थात सत्ता राणीकडे गेली, रयतेकडे नाही, हे मला फार खुपतं. जासईकर दादा, 84 च्या आधी गावागावात बैठका कशा व्हायच्या, निर्णय कोण घ्यायचं, घरच्या मोठ्यांना विचारून लिहा ना.