मदत हवी आहे: वॉर्डात कोणी ऐकतच नाही, कसं सांगायचं?

चाफा_२२: उद्याच्या राउंडच्या आत उत्तर हवंय. मेडिसिन वॉर्डात इंटर्नशिप चालू आहे, तिथे लकवा झालेले एक काका आहेत, त्यांना उठवताना सगळे लुळा हात धरून ओढतात, मावशी, त्यांचा मुलगा, नर्सिंगचे स्टुडंट सगळेच. सिस्टरना सांगितलं तर 'डॉक्टरांना विचार', रेसिडेंट सर म्हणतात 'तुमच्या डिपार्टमेंटला सांग'. खांदा दुखायला लागलाय त्यांचा. काय करू??

शंखपुष्पी: तुम्ही नक्की कोण, एमबीबीएस की नर्सिंग? लकवा कधी झाला, कुठली बाजू?

चाफा_२२: फिजिओ. सहावा दिवस, उजवी बाजू. बोलता येत नाही त्यांना, दुखलं की नुसते डोळे घट्ट मिटतात.

रात्रपाळी: अगं चाळीस पेशंटला दोन सिस्टर असतात, कोणी मुद्दाम करत नाही. मावशींना नुसतं सांगू नकोस, शेजारी उभं राहून करून दाखव. एक हात खांद्याच्या पात्यामागे, दुसरा कमरेला, काखेतून पण उचलायचं नाही. बसवल्यावर लुळा हात उशीवर. आणि तिन्ही ड्युट्या बदलताना हँडओव्हर होतं तेव्हा जा, सकाळी सांगितलेलं रात्रीपर्यंत पोचत नाही.

स्टेथोवाला: रेसिडेंट आहे म्हणून सांगतो, फिजिओच्या नोट्स वेगळ्या रजिस्टरमध्ये असतात, त्या आम्ही कधी बघणार? केसपेपरवर दोन ओळी लिहा. आणि उठवायची घाई नको, २०१५ च्या अ‍ॅव्हर्ट ट्रायलमध्ये (लकव्याच्या पेशंटना लवकर उठवण्यावरचा अभ्यास) पहिल्या २४ तासांतच सारखं उठवलेल्या पेशंटचा रिझल्ट उलट वाईट आला होता.

चाफा_२२: सर, मी पहिल्या दिवसाचं विचारतच नाहीये, ओढण्याबद्दल विचारतेय!

रात्रपाळी: आणि इंटर्नला केसपेपरवर लिहू देतात का? आमच्याकडे फाईल हातातून काढून घेतात.

स्टेथोवाला: सगळे रेसिडेंट तसे नसतात हो.

कट्टर_एमडी: आधी फिजिओंनी नावामागे डॉक्टर लावायचं की नाही ते ठरवा.

शंखपुष्पी: त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे पेशंटचा खांदा चाललाय.

सिडनीकर: बीपीटीएच म्हणजे फिजिओच्या डिग्रीनंतर मास्टर्सला इकडे या, व्हिसाचं काही विचारायचं असेल तर मेसेज करा.

बोलतं_करू: मी स्पीच थेरपिस्ट. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं धरू नका. डावा अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, असं करून दुखतंय का ते त्यांनाच विचारा, जमलं तर राउंडला सगळ्यांसमोर. लकव्यात गिळणंही बिघडू शकतं, ते तपासलंय का? तोंडाने चहा पाजत असतील तर आधी थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच म्हटलंय की या सगळ्या शाखांनी एकमेकांसोबत शिकावं, आणि आपली पोरं एकाच वॉर्डात उभी राहून एकमेकांची नावंसुद्धा विचारत नाहीत, याचा फार त्रास होतो.

चाफा_२२: गिळण्याचं सिस्टरना विचारते. रात्रीची ड्युटी आठला लागते, तेव्हाच गाठते सगळ्यांना. पण वॉर्डात जास्तीची उशी नाहीये.

रात्रपाळी: जाड चादरीची घडी चालते. मुलालाही तेव्हाच उभा कर, रात्री कूस तोच बदलणार आहे.