मदत हवी आहे : बेस गिटार सभागृहात नीट ऐकवायची कशी?

नमस्कार. आमच्या कला मंडळासाठी मी एक श्रवणसत्र तयार करीत असून त्याचा विषय बेसवादक, म्हणजे खर्जातले स्वर देणारी बेस गिटार वाजवणारा, मंचावर ड्रमशेजारी उभा असणारा आणि टाळ्यांच्या वेळी हमखास विसरला जाणारा कलावंत, हा आहे. सत्राच्या केंद्रस्थानी अमेरिकेतील डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) आहेत. १९६०च्या दशकात या कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत ते उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारांवर वाजवीत आणि ड्रमचा ठेका व गायकाचे सूर यांना सांधून ठेवीत. तरीही १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गीतसंग्रहापर्यंत त्यांचे नाव मोटाउनच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर छापले जात नसे, हे मला आजही खटकते.

अडचण अशी की, बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर (सेकंदाला ४१ कंपने, म्हणजे फार खालच्या स्वरात) लागते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तो स्वर पेलत नाही, तर सभागृहातील मोठ्या स्पीकरवर नुसतेच घुमते आणि सुरावट हरवते. अशा वेळी इक्वलायझरवर (खालच्या-वरच्या स्वरांची पातळी वेगवेगळी बदलणाऱ्या साधनावर) नेमके काय कमी-जास्त करावे? सबवूफर, म्हणजे खर्जासाठीचा खास स्पीकर, भाड्याने आणल्यास तो भिंतीपासून दूर ठेवावा का?

शिवाय हिंदी चित्रपटसंगीतातील बेसवादकांपैकी राहुल देव बर्मन यांच्याकडे वाजवणारे टोनी वाझ मला ठाऊक आहेत. इतर वादकांची नावे गाण्यांसह कोठे नोंदलेली आढळतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.