उझबेकिस्तानची हस्तकला: फरगाना खोऱ्यात जावं की खिवा बघावं?

सुईदोरा
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरात मी आणि आई उझबेकिस्तानला चाललोय. दिल्ली ते ताश्कंद थेट विमान, ई-व्हिसा वीस डॉलरचा, तिथपर्यंत सगळं सोपं आहे. घोडं अडलंय ते पुढे. टूरवाल्याने दिलेला प्लॅन म्हणजे ताश्कंद समरकंद बुखारा खिवा, रोज तीन मदरसे दोन घुमट, आणि मध्येच कुठेतरी "हस्तकला केंद्रास भेट, १ तास" असं लिहिलंय, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल, चहा पाजून गालिचे दाखवणार.

आईने आयुष्यभर शिवणकाम-भरतकाम शिकवलंय, तिला माणसं काम करताना बघायची आहेत, सुई कशी धरतात रंग कुठून आणतात असलं सगळं. मला स्वतःला मातीची भांडी आणि ते ढगाळ नक्षीचं रेशीम बघायचंय. कोणीतरी म्हणालं की खरी कारागिरी फरगाना खोऱ्यात आहे, बाकी सगळं टुरिस्टांसाठी. वेळ आठवड्यापेक्षा थोडाच जास्त आहे, म्हणजे फरगाना घातलं तर खिवा जातं. काय करावं? आई शुद्ध शाकाहारी आणि गुडघे कुरकुरतात, हेही लक्षात घ्या.

पायपीट
फरगाना, डोळे मिटून. खिवा सुंदर आहे पण पूर्ण विरुद्ध टोकाला, आणि तुमचा विषय इमारती नाहीतच.

ताश्कंदहून सकाळची ट्रेन पकडा, साधारण पाच तासांत फरगाना खोऱ्यातलं मार्गिलान. आधी ही गाडी ताजिकिस्तानातून जायची म्हणे, २०१६ मध्ये डोंगरातून १९ किलोमीटरचा बोगदा काढला तेव्हापासून देशातल्या देशात सरळ जाते. शेअर टॅक्सीने घाट ओलांडूनही जातात लोक, पण काकूंच्या गुडघ्यांसाठी ट्रेनच.

मार्गिलानमध्ये योद्गोर्लिक नावाचा रेशीम कारखाना आहे, तिथे कोषापासून कापडापर्यंत सगळं ओळीने बघायला मिळतं. एका कढईत उकळतं पाणी, त्यात कोष तरंगतायत, बाई काडीने ढवळून धाग्याची टोकं पकडते आणि बऱ्याच कोषांचे तंतू एकत्र करून एकच धागा चाकावर ओढत राहते. वास मात्र सांगून ठेवतो, रेशमाचा म्हणून काही छान नसतो, उकडलेल्या किड्यांचाच असतो. पुढच्या खोलीत ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून ठेवलेला, त्यावर एक जण काडीने नक्षीच्या खुणा करतो, मग जिथे रंग नकोय तिथे गच्च बांधायचं, बुडवायचं, सोडायचं, परत दुसरीकडे बांधायचं. फिकट रंग आधी, गडद नंतर. हे सगळं विणायच्या आधी!! मागावर चढवताना धागे केसभर इकडेतिकडे सरकतात म्हणून नक्षीच्या कडा विस्कटलेल्या दिसतात, तुम्ही ज्याला ढगाळ म्हणताय ते हेच.

याशिवाय गावातल्याच एका जुन्या मदरशात क्राफ्ट डेव्हलपमेंट सेंटर आहे, २००७ सालचं, परंपरा जपण्याच्या चांगल्या कामाच्या यादीत युनेस्कोने २०१७ ला घेतलं त्याला. मला कारखान्यापेक्षा हेच आवडलं, गर्दी कमी आणि शिकणारी पोरं दिसतात. शक्यतो गुरुवार धरा, त्या दिवशी कुमतेपाचा बाजार असतो, गावातल्या बाया आपल्या मुलींच्या लग्नासाठी तिथे कापड घेतात, लाकडी रंगीत पाळण्यांची तर रांगच लागलेली असते. टुरिस्ट औषधालाही नाही.

भांड्यांसाठी रिश्तान, कोकंद आणि फरगाना शहर यांच्या बरोबर मधे. टॅक्सी करा. तिथे घराघरात भट्टी आहे.

निवांतनाना
पायपीटराव, तुम्ही प्रश्न नीट वाचलाच नाहीत. आई भरतकामवाल्या आहेत. फरगाना विणकाम आणि मातीसाठी, मान्य, पण सुझनी या तिथल्या भरतकामाचं काय? सुझनीची नावाजलेली गावं म्हणजे बुखारा, नुराता, शहरीसब्ज, समरकंदजवळचं उर्गुत. सगळी पश्चिमेला आणि मधल्या पट्ट्यात. आईला ट्रेनमध्ये पाच तास बसवून माग दाखवायला नेणार आणि सुई दाखवायची राहून जाणार, हा कुठला न्याय.

ताई, सुझनी म्हणजे लग्नात मुलीबरोबर द्यायची भरलेली चादर किंवा भिंतीवरचा पडदा. गंमत अशी की पूर्वी कापडाचा पन्हा अरुंद, म्हणून तीन-चार पट्ट्या कच्च्या टाक्याने जोडायच्या, नक्षी काढणारी बाई त्यावर सगळी रेघारेघी करून द्यायची, मग पट्ट्या उसवून घरातल्या वेगवेगळ्या बायकांनी आपापली पट्टी भरायची आणि शेवटी परत जोडायची. त्यामुळे जुन्या सुझनीत जोडावरचं फूल अर्धं इकडे अर्धं तिकडे आणि दोघांचा मेळ नाही, रंगही थोडा वेगळा. आईंना ते बघताक्षणी कळेल कोणाचा हात घट्ट आणि कोणाचा सैल. डाळिंब, मिरची, मोठाली गोल फुलं हे सगळीकडे असतं, टाके मात्र गावागणिक बदलतात, एक भरीव टाका आणि एक आकड्याने काढलेला साखळी टाका हे दोन मुख्य.

बुखाऱ्यात आणखी एक, जरीकाम. अमीराच्या काळी सोन्याच्या तारेचं काम दरबारी कारखान्यात फक्त पुरुष करायचे, आता बायका करतात. बाजारातल्या घुमटांखाली करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या बनवणारे लोहार बसतात, चोच म्हणजे पाती. ती कात्री आईंना घेऊन द्याच.

भांड्यांसाठी सुद्धा रिश्तान लागत नाही, बुखाऱ्याहून ४५ किलोमीटरवर गिज्दुवान आहे, नार्झुल्लाएव घराण्याची कार्यशाळा, तिथे चाकापासून भट्टीपर्यंत दाखवतात, जेवायलाही घालतात. माझं मत, खिवा आणि फरगाना दोन्ही सोडा आणि समरकंद-बुखारा निवांत करा.

पायपीट
नाना, गिज्दुवान आणि रिश्तान एकच नाही हो. गिज्दुवान म्हणजे तपकिरी पिवळा हिरवा, मातीकडे झुकणारे रंग. रिश्तान म्हणजे निळा आणि फिरोजी, आणि तो निळा ज्या ग्लेझमधून (भांड्यावरच्या काचेसारख्या थरातून) येतो ते वाळवंटी झुडपं जाळून त्याच्या राखेपासून करतात, इश्कोर म्हणतात त्याला. तांबडी स्थानिक माती, वर पांढरा लेप, मग नक्षी, मग इश्कोर. पुलावाचं मोठं ताट, ते लगान, त्यावर डाळिंब नाहीतर चाकू नाहीतर सुरई काढलेली असते. एक म्हातारे उस्ताद खारीच्या केसांसारख्या बारीक ब्रशने ताट डाव्या हाताने फिरवत रेघ ओढत होते, पेन्सिलीची खूण नाही काही नाही, आणि तोंडाने आमच्या ड्रायव्हरशी फुटबॉलवर वाद चालू. ताईंना मातीची भांडी बघायचीयत म्हणाल्या ना? मग.

येवल्याचा
मध्ये तोंड घालतो, घरात माग आहे म्हणून. कापड घेणार असाल तर दोन गोष्टी बघा.

पहिली, पन्हा. हातमागावरचं तिथलं कापड जेमतेम चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर रुंद असतं, दीड मीटर पन्ह्याचं "हँडमेड" कोणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढे जा. दुसरी, उलट बाजू. रंग धाग्यातच असल्यामुळे खऱ्या मालाची नक्षी मागूनही तशीच दिसते, छापील पॉलिस्टर मागून फिकं पडतं. बुखारा समरकंदच्या टुरिस्ट दुकानांत छापील माल ढीगभर आहे आणि भाव खऱ्याचा सांगतात. वाईट नाही ते, उशीचे अभ्रे करायला चालेल, पण काय घेतोय ते माहीत असावं.

नावं लक्षात ठेवा: अद्रास म्हणजे ताणा रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती. खान-अतलास म्हणजे दोन्ही रेशमी, चकचकीत. बखमल म्हणजे मखमल, ती महाग, भयंकर वेळखाऊ काम. आमच्याकडे संभाजीनगरच्या हिमरू-मशरूवाल्यांना अद्रास दाखवला तर लगेच ओळखतील, मशरू पण रेशमी ताणा सुती बाणाच. अंगाला शुद्ध रेशीम लागू नये म्हणून मुसलमान समाजात असलं मिश्र कापड चालायचं. पैठणीशी मात्र तुलना करू नका, आपल्याकडे नक्षी मागावर बसून बाण्याने भरतात, तिथे कापड विणायच्या आधीच नक्षीचा निकाल लागलेला असतो. पाटणचा पटोळा जवळचा, पण पटोळ्यात ताणा बाणा दोन्ही बांधून रंगवतात, ते अजून अवघड. (हे मी अभिमानाने सांगतोय असं नाही, येवल्याचे नाहीत ते.)

सुईदोरा
अरे बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं, जोडावरच्या अर्ध्या फुलाचं ऐकून ती म्हणाली नाना म्हणतात तसं करू, पण नंतर कढईतल्या कोषांचं ऐकून म्हणाली ते पण बघू. म्हणजे झालं.

आत्ता असा विचार आहे: खिवा रद्द. ताश्कंदला उतरून आधी मार्गिलान-रिश्तान, परत ताश्कंद, मग आफ्रोसियोब या जलद गाडीने समरकंद आणि बुखारा. समरकंदजवळ कोनिगिलला कागद करतात म्हणे, ते वेळ देण्यासारखं आहे का? आणि जेवणाचं काय?

पायपीट
कोनिगिल छान आहे, अर्धा दिवस पुष्कळ. तुतीच्या फांद्यांची साल सोलतात, त्या सालीचा आतला थर उकळतात, पाणचक्कीवरचे लाकडी दांडे त्याचा धपाधप लगदा करतात, मग चाळणीवर कागद उचलायचा, दाबायचा, वाळवायचा आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घासून घासून चमक आणायची. रंग पिवळसर, ब्लीच नाही. रेशमाचे किडे ज्या झाडाचा पाला खातात त्याच झाडाचा कागद, आणि झाडं फरगानात शेतांच्या बांधावर तुम्हाला आधीच दिसलेली असतील. ओढ्याकाठी सावली आहे, काकूंना बसता येईल. टुरिस्टी आहे हे खरं, पण काम खरं चालतं.

निवांतनाना
चला, हरलो फरगानाच्या बाबतीत, आईसाहेबांनीच निकाल दिला. पण मग शहरीसब्ज तरी समरकंदहून एका दिवसात उरका, आणि रविवार मिळाला तर उर्गुतचा बाजार. जुन्या सुझन्या तिथे ढिगाने येतात. मात्र फार जुनी घेऊ नका, अँटिक वस्तू देशाबाहेर न्यायला सांस्कृतिक खात्याचं सर्टिफिकेट लागतं, विमानतळावर अडवतात. नवीन घ्या, पावती घ्या.

जेवण: पुलावात मांस असतंच, बाजूला काढून देतो म्हणतात पण चरबीत शिजलेला असतो, आईंना चालणार नाही. भोपळ्याचा सामसा मागा, शरदात मिळतो, पण चरबी घातलीय का तेही विचारा, बरेच जण घालतात. टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, तंदूरची नान, फळं तर विचारूच नका, ऑक्टोबरात डाळिंबं आणि द्राक्षं. आणि थेपले न्या, लाजू नका.

येवल्याचा
नानवर ठसा उमटवायचं छोटं यंत्र मिळतं, लाकडी मुठीला खिळ्यांची नक्षी ठोकलेली, चेकिच. कुठल्याही बाजारात, स्वस्त, वजन काही नाही. आणायला उत्तम. आपल्याकडे पोळीवर काय ठसा मारणार हा प्रश्न वेगळा.

पायपीट
राहिलंच, फरगाना खोऱ्यातल्या चुस्त गावचे चाकू कोणी देऊ केले तर ते आणि नानांची करकोचा-कात्री दोन्ही चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये नाही. रिश्तानची ताटं उलट, ती कपड्यांत गुंडाळून हातात घ्या. जेवायला वापरणार असाल तर घेतानाच विचारा शिशाचं ग्लेझ आहे का, चांगला कारागीर स्पष्ट सांगतो. आणि खेड्यात कार्ड चालेलच असं नाही, सोम, म्हणजे तिथलं चलन, रोख ठेवा. कार्यशाळेत फार घासाघीस करू नका, बाजारात मात्र काकूंना पुढे करा.